फोनमधली विहीण

रियाध, ४ सप्टेंबर २०२५

अहो शर्विलचे बाबा,

पाया पडते आणि लगेच सांगते, पोरगी माझ्यावर गेलीय. कपाळ माझं, कानाच्या पाळ्या माझ्या, आणि रडायला लागली की आवाजही माझाच, असं तुमचे चिरंजीव म्हणतात. नाक तेवढं तिकडचं आलंय. चालायचं. नाव क्षितिजाच ठेवलं. आज पंधरावा दिवस.

पत्र कशाला म्हणाल, तर तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुमच्याशी ओरडून बोलायचं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या इजिप्तच्या मिसरी कुटुंबालाही आपलं सगळं कळतं. म्हणून वहीच्या पानावर लिहिते आणि पानाचा फोटो तुमच्या मोबाइलवर धाडते. बोटांनी मोठं करून वाचा. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नका. तुम्हीही असंच लिहून धाडा.

इथं बाळंतपण करायचं म्हणजे कसरत आहे. परवा ओव्याची धुरी द्यायला गेले तर छताला लावलेलं यंत्र बोंबलायला लागलं आणि खालचा वॉचमन जिना चढून धावत आला. आता तव्यावर फडकं तापवून शेकते. बाळंतशेपा मिळाला बरं का! आपला टॅक्सीवाला बदरुद्दीन दापोलीकडचा आहे, तो बाजारातून घेऊन आला. म्हणाला, "आजी, रियाधात मिळत नाही असं काही नाही, फक्त कुणाला विचारायचं ते माहीत पाहिजे." गुणी माणूस. त्याची बायको गावी असते, तीन मुलं आहेत, धाकट्याला दमा आहे. असो.

यादिराचं सांगायचं राहिलं. मेक्सिकोची सून म्हणून लग्नात तुमचं तोंड एवढंसं झालं होतं, आठवतं का? सोनं आहे सोनं. कसली कटकट नाही. मी लावीन ते तेल, देईन तो शेक. बाळाला पाजलं की लगेच माझ्या हातात देते. "आई, घ्या." एवढं मराठी तिला पक्कं येतं. दिवसभर पोरगी माझ्याच मांडीवर. शर्विलच्या मित्राची आई सांगत होती, तिची सून तिला नातवाला हात लावू देत नाही. मी म्हटलं, आमची मागतसुद्धा नाही! बाईचं तोंड बघण्यासारखं झालं.

फक्त एक खुपतं. आमचे पाच वाजले की मेक्सिकोत सकाळ होते आणि यादिराची आई फोनमध्ये उगवते. एल्वियाबाई. केस विंचरलेले, ओठ रंगवलेले, जशी काही वरातीला निघालीय. फोनमधून गाणं म्हणते, आणि आपली क्षितिजा, कालची पोर, टक लावून ऐकते हो! लंगोट मी बदलायचे, पदर माझा ओला, आणि कौतुक त्यांचं. फोनमधल्या आजीला काय जातंय? त्यांना इकडे यायला काही जमलं नाही. यादिरा मात्र आईशीही फार बोलत नाही, हूं हूं करते. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाजरीच्या डब्याला कीड लागली का बघा.

सरोज

---

फलटण, ८ सप्टेंबर

सौ. सरोजला,

पानाचा फोटो मिळाला. पोरीचं नाक आमच्याकडचंही नाही आणि तुझ्याकडचंही नाही, म्हणजे चांगलं असणार. बाजरीला कीड नाही. मी चौथा दिवस पिठल्यावर आहे.

एक विचारतो, रागावू नकोस. सून बाळ मागत नाही, हा गुण कसा झाला? आपली कपिला व्यायली आणि वासराला चाटेना, तेव्हा मी सायकल काढून डॉक्टरला आणायला गेलो होतो. गाय गुणी आहे असं तू म्हणाली नव्हतीस.

ती जेवते का, झोपते का, हसते का, एवढं बघ आणि लिही. बाळाच्या तोंडाकडे बघते का तेही लिही. आणि तिच्या आईला का जमलं नाही?

जगदीश

---

रियाध, २८ सप्टेंबर

अहो,

सुनेला गाय म्हणालात म्हणून तीन आठवडे लिहिलं नाही. तेवढ्यासाठीच नाही, पण त्यासाठीही.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. मी खिचडी टाकत होते. क्षितिजा रडायला लागली. मला वाटलं, यादिरा जवळ आहे, उचलेल. रडणं थांबेना. जाऊन बघते तर पोरगी पलंगावर लालबुंद, आणि यादिरा तिच्या शेजारी, हात मांडीवर, भिंतीकडे बघतेय. मला म्हणाली, "आई, घ्या." बाळ तिच्या हाताशी होतं हो. वीतभर लांब.

मी शर्विलला ऑफिसातून बोलावून घेतलं. मग कळलं की ती रात्रंदिवस झोपतच नव्हती. दवाखान्यात बाळंतिणीला एक प्रश्नांचा कागद देतात, मन कसं आहे, रडू येतं का, असलं. इंग्रजीत. हिनं सगळीकडे बरं आहे म्हणून खुणा केल्या होत्या. शर्विलनं विचारलं, असं का केलंस? तर म्हणाली, मला इंग्रजीत ऑफिसचं बोलता येतं, हे बोलता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी एक छोटी गोळी दिली, दूध पाजलं तरी चालते म्हणाल्या, आणि हिच्या भाषेतलं कुणीतरी बघा म्हणाल्या.

शर्विलनं शोधून काढलं. ग्रासिएला म्हणून बाई आहे, कोलंबिया देशाची, इथल्याच एका दवाखान्यात मनाचं बघते. देश वेगळा, पण भाषा यादिराचीच. ती म्हणाली, चाळीस दिवस बाळंतिणीला बाहेर काढू नका, मीच येते. दर बुधवारी येते.

पहिल्यांदा आली तेव्हा चपला दारात काढल्या आणि सुनेकडे न जाता थेट माझ्याकडे, स्वयंपाकघरात. शर्विल दुभाषा. काय खायला देता, शेक कशाचा, डोक्याला फडकं का बांधता. मी मनात म्हटलं, आता ही शिकलेली बाई सगळं बंद करा म्हणणार. तर म्हणते कशी, "हेच आमच्याकडे. चाळीस दिवस उबेत ठेवायचं, डोकं झाकायचं, गार वारा लागू द्यायचा नाही. फक्त एक फरक. आमच्याकडे जवळ तिची आई असते."

शर्विलनं हे मराठीत सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. मीही भांड्यात बघत राहिले.

मग मलाच विचारते, "तुमच्या बाळंतपणात तुमच्याजवळ कोण होतं?" मी म्हटलं, सासूबाई होत्या. माझी आई नाही आली. शेतातून निघणं झालं नसेल. त्यात विचारण्यासारखं काय आहे? तिनं वहीत काही लिहिलं नाही. नुसती मान हलवली. मला राग आला.

मग दोघी आत गेल्या आणि दार लावून घेतलं. तासभर! मी चहा घेऊन तीनदा दारापर्यंत गेले. आतून रडण्याचा आवाज, मग बोलण्याचा, धबधब्यासारखं बोलणं. अहो, महिनाभर त्या पाठीला मी तेल चोळलं. त्या पाठीनं मला एक शब्द सांगितला नाही. आणि ही परकी बाई काल आली, खुर्चीवर बसली, ना तेल ना शेक, आणि तिला सगळं. शर्विललाही आत घेतलं नाही. यादिरा काय बोलली म्हणून मी विचारलं तर ग्रासिएला म्हणाली, ते तिचं आहे.

जाताना मला एक काम सांगून गेली. कोंबडीचं पाणी. मसाला नाही, तिखट नाही, गाजर, भात आणि वरून लिंबू. यादिराची आई तसं करते म्हणे. मी म्हटलं, ह्याला काय चव? पण केलं. बदरुद्दीननं कोंबडी आणून दिली. यादिरानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दोन वाट्या प्यायली. पातेलं माझं, हात माझे, उभी मी राहिले, आणि नाव घेतलं ते तिच्या आईचं.

आता थोडी माणसात आलीय. काल पाजून झाल्यावर बाळ माझ्याकडे दिलंच नाही. घेऊन बसली, बोटं मोजत. मी दारात हात पुढे करून उभी. अर्धा तास. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण त्याच्याखाली दुसरंच काही होतं, ते तुम्हाला लिहायला मला लाज वाटते, म्हणून लिहीत नाही.

यादिराच्या आईला का जमलं नाही, ते मला काय माहीत.

सरोज

---

फलटण, ३ ऑक्टोबर

सौ. सरोजला,

हे पान मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. हे पाचवं.

तुझी आई आली होती.

शर्विल झाला त्याचा नववा किंवा दहावा दिवस असेल. मी एसटीच्या आगारातून जेवायला घरी आलो, तर ती ओट्यावर उभी. आटपाडीहून दोन गाड्या बदलून आलेली. डोक्यावर पितळी डबा, डिंकाचे लाडू. आमची आई तिला म्हणाली, बाळंतीण आता कुठे झोपलीय, उठवू नका. पाणी दिलं, आत या म्हणाली नाही. तुझी आई तुला माहेरी न्यायचं म्हणेल आणि तू जाशील, ही आमच्या आईला भीती होती. हे ती मला नंतर स्वतः म्हणाली.

तू झोपलेली नव्हतीस. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. तू तेव्हा रोजच तशी पडायचीस. आईनं लिंबू उतरवून टाकलं, कुणी अंगारा आणून दिला, बाहेरचं लागलंय म्हणाले. मला वाटलं, होईल बरी. तू हसलीस ते शर्विल सहा महिन्यांचा झाल्यावर. मला ती वेळ माहीत आहे, कारण मी वाट बघत होतो.

मी ओट्यावर काही बोललो नाही. आईच्या पुढे बोलायची माझी छाती नव्हती. तुझ्या आईला स्टँडवर सोडून आलो. लाडू तू खाल्लेस. आमच्या आईनं तुला सांगितलं, शेजारणीनं दिले.

आई आली नाही म्हणून तू तिच्याशी वर्षभर बोलली नाहीस. मी ते बघत होतो. आता ती जाऊनही वीस वर्षं झाली. माफ कर, असं लिहिणार होतो. पण ते लिहून माझंच ओझं कमी होईल, तुझं नाही.

तू सुनेविषयी लिहिलंस ते भिंतीकडे बघण्याचं वाक्य मी वाचलं, आणि मला जेवण गेलं नाही.

जगदीश

---

रियाध, ५ नोव्हेंबर

पान मिळालं होतं. महिना झाला. ऐकू येत नाही तरी तुम्ही फोन केलात, तेव्हा मी मुद्दाम नमाजाच्या बांगेचं निमित्त करून गॅलरीत गेले.

काय लिहू? माझ्या आईनं मला दोनदा विचारलं होतं, तू माझ्याशी का बोलत नाहीस म्हणून. मी सांगितलं, काही नाही. तीही तुमच्या आईचं नाव बोलली नाही. माझा संसार मोडू नये म्हणून असेल. हे सगळं मला इथं बसून आता कळतंय, हॉलमध्ये, एसीच्या आवाजात.

मी तुमच्यावर किती रागावलेय हे मला मोजता येत नाही. ते परत आल्यावर बघू. पण तुमचं पान वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःचं तोंड दिसलं. कारण यादिराच्या आईला यायला जमलं नाही असं मी तुम्हाला लिहिलं होतं, ते खोटं. तिनं पिशवीसुद्धा भरली होती. शर्विल जूनमध्येच म्हणाला होता, आई, दोघींचाही व्हिजिट व्हिसा लावतो. मीच म्हटलं, कशाला, मी आहे ना, एवढ्या लांबून त्यांना त्रास. त्रासाचं मला काही नव्हतं. मला पहिली नात एकटीला हवी होती. वाटून नको होती.

म्हणजे ओट्यावर उभी राहिलेली बाई मीच झाले.

बुधवारी ग्रासिएला आली तेव्हा मीच म्हटलं, आज मला आत घ्या. माझं मराठी शर्विलनं तिला इंग्रजीत सांगायचं आणि तिनं यादिराला तिच्या भाषेत. मी यादिराला सांगितलं, तुझ्या आईला मी येऊ दिलं नाही. ती म्हणाली, "मला माहीत होतं. शर्विल खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात." अहो, तिला माहीत होतं! दिवसभर माझ्या हातचं तेल लावून घ्यायची, "आई, घ्या" म्हणायची, आणि तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. तेलाची वाटी बाजूला सारली. मी शर्विलला ग्रासिएलाला फोन लावायला सांगितला, म्हटलं पुन्हा बिघडली. ती म्हणाली, "बिघडली नाही, रागावलीय. आधी तिला रागही येत नव्हता." मी म्हटलं, मग रागावू दे.

त्याच दिवशी शर्विलशी बोलले.

"विहीणबाईंचा व्हिसा लाव."

"आई, तूच तर म्हणाली होतीस..."

"तेव्हा म्हणाले होते. आता दुसरं म्हणतेय. यल्ला, चल लवकर."

"झोपतील कुठे? दोनच खोल्या आहेत."

"माझी दे. मी हॉलमध्ये."

"म्हणजे तू परत निघणार?"

"कोण म्हणालं? त्या येणार म्हणून मी जायचं होय?"

हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.

आता ते मागे लाजेनं लिहिलं नव्हतं ते लिहिते. मला हेवा वाटतो. आधी फोनमधल्या बाईचा वाटला, मग त्या कोलंबियावालीचा. आता यादिराचाच वाटतो. चांगला जळजळीत, घशाशी येतो. सासरी आलेली, भिंतीकडे तोंड करून पडलेली, अगदी माझ्यासारखी. पण तिच्यासाठी कुणी शोधून शोधून तिच्या भाषेची बाई आणली. तिला कुणी लिंबू उतरवलं नाही. आणि तिची आई जिवंत आहे, बोलावली की येते.

तिच्या वाटचं मी अडवून धरलं होतं, तरी हेवा मलाच. काय जात आहे आपली बायकांची!

सरोज

---

रियाध, १२ डिसेंबर

अहो,

विहीणबाई आल्या.

विमानतळावर मी हट्टानं गेले. बदरुद्दीनच्या गाडीत पुढे शर्विल, मागे आम्ही दोघी आणि क्षितिजा. यादिरा आता माझ्याशी बोलते. पूर्वीसारखं गोडगोड नाही, खरं बोलते. "आई, हात धुवा, मग घ्या," असं सांगते! परवा म्हणाली, भाजीत तिखट फार आहे. चार महिने मुकाट खात होती.

एल्वियाबाई बाहेर आल्या त्या फोनपेक्षा निम्म्या. माझ्या खांद्याला लागतात. ओठाला रंग नाही, केस विस्कटलेले, पाय सुजलेले, दोन दिवसांचा प्रवास. यादिरानं त्यांना बघितलं आणि जी हंबरली, मला दुसरा शब्द येत नाही, तुमची गाय तुम्हाला परत दिली समजा. सगळी माणसं थांबली. एका अरबी बाईनं पर्समधून रुमालांचं पाकीट काढून तिच्या हातात कोंबलं आणि पुढे गेली. क्षितिजा माझ्या खांद्यावर दचकून रडायला लागली. यादिरा आईच्या गळ्यातून सुटली नाही, पण एक हात मागे केला, माझ्याकडे. मी पोरगी त्या हातात दिली. तिघी एकमेकींत गुंतल्या आणि मी त्यांच्या बॅगा ढकलत राहिले. चाक मोडलेली बॅग होती, वाकडी जायची.

घरी आल्यावर काय, बाईंनी आंघोळ केली आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात. माझं पातेलं घेतलं. मीठ कुठे म्हणून खुणेनं विचारलं. मी मुद्दाम दोनदा समजलं नाही असं दाखवलं. तिसऱ्यांदा दिलं.

पोरीला मांडीवर घेतलं आणि एका मिनिटात झोपवली. एका मिनिटात! मला अर्धा तास लागतो. आणि आपली निमकहराम पोर, तोंड उघडं टाकून झोपली. मी मनात म्हटलं, आज नवी आहे म्हणून. उद्या बघू. उद्या मी आधी उठते.

दुपारी आत डोकावले. यादिरा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि त्या बाई तिचे केस एकेक बट सोडवत होत्या. भिंतीकडे नव्हतं तोंड, वर होतं, आईकडे. मी बराच वेळ बघितलं. मला कुणी बोलावलं नाही आणि बोलवायला नकोच होतं. मग हॉलमध्ये येऊन बसले, टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला.

ग्रासिएला आता महिन्यातून एकदा येणार आहे. गोळी अजून चालू आहे. काल जाताना माझ्याशी बसली. विचारलं, तुमच्या आईबद्दल काही बोलायचंय का? मी म्हटलं, बोलायचंय, पण ज्याला विचारायचं तो फलटणला आहे आणि त्याला ऐकू येत नाही.

म्हणून विचारते. तुम्ही तिला स्टँडवर सोडायला गेलात. वाटेत ती काय बोलली, गाडीत बसताना काय बोलली, ते लिहा. सगळं लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नका आणि काही गाळू नका.

सरोज

---

फलटण, १५ डिसेंबर

सौ. सरोजला,

वाटेत काही बोलली नाही. भरभर चालत होती, गाडी चुकेल म्हणून. मी मागे पडत होतो.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभा होतो. तिनं मला विचारलं, "जावईबापू, जेवते ना ती?"

मी म्हटलं, "हो, जेवते की. पोटभर."

ती म्हणाली, "मग असू द्या," आणि गाडी सुटली.

तू तेव्हा तीन दिवस काही खाल्लं नव्हतंस.

जगदीश